साखर कुठं जातीय?

मागच्या दिवाळीला मी ठरवलं की यंदा गोडाला साखरेचा एक दाणा लावायचा नाही. चिवड्यात पिठीसाखर लागतेच, ती नसली तर चिवडा म्हणजे नुसते भाजलेले पोहे, तेवढं एक माफ करून टाकलं. बाकी लाडू, बर्फी, करंजीचं सारण, सगळं ड्रायफ्रूटचं. कारणही तसंच होतं. आप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, चार वर्षांपूर्वी शुगर निघाली आणि तेव्हापासून माहेरची दिवाळी जरा चोरटीच झालीय. आई बेसनाचे लाडू करते, डबा धान्याच्या कोठीमागे ठेवते, तो तिथे असतो हे आप्पांना माहीत असतं, त्यांना माहीत आहे हे आईला माहीत असतं, आणि भाऊबीजेपर्यंत डबा अर्धा झाला की दोघंही माझ्या भाच्याकडे बघतात.

म्हटलं आपण असं काहीतरी करू की जे आप्पांना उजळ माथ्याने खाता येईल. तेव्हा मोबाइलवर रोज एक तरी रील येतच होतं, 'शुगर फ्री लाडू, ना साखर ना गूळ', त्यातली बाई पांढऱ्याशुभ्र ओट्यावर खजूर मिक्सरला लावते, भुर्र करते, आणि तीस सेकंदांत एकसारखे चोवीस लाडू ताटात. माझ्याकडे त्या भुर्रलाच दीड तास गेला. खजुराचा गोळा पात्याला असा धरून बसला की मिक्सर नुसता गुरगुरायला लागला, मग जळका वास, मग बंद. नवऱ्याने मिक्सर उलटा करून खालचं लाल बटण दाबलं तेव्हा परत सुरू झाला, आणि ते बटण आपल्या मिक्सरला आहे हे मला लग्नानंतर सोळा वर्षांनी कळलं. मग आपल्या अकलेने घेतलं. कढईत दोन चमचे तूप टाकून बिया काढलेला खजूर मंद आचेवर परतत राहिले, पाचेक मिनिटांत तो आपसूक मऊ होऊन गोळा धरायला लागतो, पावभाजीच्या मॅशरने दाबला की झालं, मिक्सरची गरजच नाही. रीलवाल्या बाईला हे माहीत नसेल असं नाही पण कढई पांढऱ्या ओट्यावर शोभत नसावी.

प्रमाण मी लिहून ठेवलेलं, म्हणून पुढचं सगळं रामायण घडलं, तेव्हा इथेच सांगून टाकते. पाव किलो बिनबियांचा खजूर, शंभर ग्रॅम बेदाणे, शंभर ग्रॅम सुके अंजीर बारीक चिरून, शंभर ग्रॅम बदाम, शंभर ग्रॅम अक्रोड, पन्नास ग्रॅम सुकं खोबरं किसून भाजून, तूप, खसखस, वेलदोडा. साधारण सव्वासातशे ग्रॅमचा ऐवज झाला आणि त्याचे लिंबाएवढे चोवीस लाडू. खसखशीत घोळवले. फोटो काढला. फॅमिली ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं 'आप्पा स्पेशल, शंभर टक्के शुगर फ्री'. सतरा जणांनी अंगठे दाखवले.

भाऊबीजेला गावाला गेले. आमचं गाव कवठेमहांकाळ तालुक्यात, सांगली जिल्ह्याच्या त्या कोरड्या बाजूला, जिथे पाऊस येता येता वाट विसरतो. आप्पांनी एक लाडू खाल्ला, म्हणाले बरा झालाय. दुसरा खाल्ला. तिसऱ्याला आईने डोळे वटारले तर मीच म्हणाले, "खाऊ दे गं, यात साखर नाहीये." मग चौथाही गेला. चार वर्षांनी माणूस सगळ्यांच्या देखत, पाटावर बसून, गोड खात होता, मला तर भरूनच आलं होतं.

दोन तासांनी त्यांनी आपणहून मशीन काढलं. त्यांना सगळं मोजायची सवयच आहे. सकाळी उपाशीपोटी एकशे बेचाळीस होती. आता दोनशे अडुसष्ट.

मी म्हणाले पट्टी खराब असेल. दुसऱ्या बोटाला टोचलं, दोनशे एकाहत्तर. "पण आप्पा, मी साखर घातलीच नाहीये!" असं मी तीन वेळा तरी म्हणाले असेन, दरवेळी आवाज चढवून, म्हणजे जणू आवाज ऐकून आकडा खाली येणार होता. आप्पा शांत. कापसाने बोट पुसत म्हणाले, "आगं, चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा हुतो. पाणी उडून जातंय. साखर कुठं जातीय?"

आता हे वाक्य मला दुसऱ्या कुणी ऐकवलं असतं तर मी वाद घातला असता. पण आप्पांनी तीस वर्षं बेदाणा केलाय.

आमच्या बागेत तेव्हा थॉमसन आणि तास-ए-गणेश या जातींची द्राक्षं होती, पुढे भावाने सोनाका आणि माणिक चमन लावली. खायचा माल वेगळा आणि बेदाण्याचा माल वेगळा. खायच्या द्राक्षाचा मणी मोठा आणि करकरीत लागतो, बेदाण्याला मात्र द्राक्ष वेलीवरच पुरतं गोड होऊ द्यायचं, बावीस-चोवीस ब्रिक्सपर्यंत. ब्रिक्स म्हणजे रसातल्या गोडीचं माप, शंभर ग्रॅम रसात अंदाजे किती ग्रॅम साखर, असं समजा. ते मोजायला हातात धरायची एक नळी असते, रिफ्रॅक्टोमीटर म्हणतात, आमच्याकडे सगळे नुसतं 'ब्रिक्स मीटर' म्हणतात. पुढच्या काचेवर मण्याचा थेंब पिळायचा, झाकण लावायचं, उजेडाकडे तोंड करून डोळा लावायचा, आत एक गोल दिसतो, वर निळा आणि खाली पांढरा, आणि दोघांची सीमा ज्या आकड्यावर तो ब्रिक्स. लहानपणी आप्पा मला आत बघायला द्यायचे आणि विचारायचे किती, मी एकोणीस म्हटलं की म्हणायचे अजून आठ दिवस. एकवीस म्हटलं तरी थांबायचे. द्राक्षात साखर कमी असली तर बेदाण्याचं वजन कमी भरतं, सगळं गणित तिथेच, जेवढं पाणी जास्त तेवढा तोटा जास्त.

मग फेब्रुवारी उजाडला की तोडणी. घड क्रेटमध्ये भरून द्रावणात बुडवायचे, पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल पाण्यात मिसळलेलं असतं, दोन-चार मिनिटांत द्राक्षाच्या सालीवरचं मेण विरघळतं म्हणजे आतलं पाणी बाहेर पडायला वाट होते. ते नाही केलं तर द्राक्ष वाळायला महिना घेईल आणि काळं पडेल. मग शेडमध्ये नायलॉनच्या जाळ्यांचे मजले, एकावर एक, त्यावर घड पसरायचे, वर छप्पर, चारी बाजू उघड्या. ऊन नको, वारा हवा. म्हणून तर कवठेमहांकाळ, जत, नागज, जुनोनी या पट्ट्यात शेड दिसतात, तिथला कोरडा वारा दुसरीकडे मिळत नाही. बारा-पंधरा दिवसांत माल वाळतो. पिवळा करायचा असेल तर गंधकाची धुरी. त्या दिवसांत शेडमध्ये गेलं की डोळ्यांत असं झोंबायचं की बोलायची सोय नाही, आणि धुरीनंतरचा तो सोनेरी रंग बघून शहरातली माणसं म्हणतात 'वा, किती नॅचरल'. त्यातच अवकाळी पाऊस आला की संपलं, शेडमधल्या मालाला डाग पडतो, भाव पडतो, आप्पा रात्रभर छपराखाली उभे असायचे, म्हणजे उभं राहून पाऊस थांबतो अशातला भाग नाही, पण झोपवत नाही. नंतर देठ काढायचे, निवडायचं, पंधरा किलोच्या बॉक्समध्ये भरायचं, कोल्ड स्टोरेजला ठेवायचं आणि तासगाव किंवा सांगलीच्या सौद्याला न्यायचं. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा भावाने स्टेटस ठेवलं होतं. आप्पा म्हणाले, भाव वाढला का? नाही वाढला? मग ऱ्हाऊं दे.

(बेदाणा हा शब्द फारसी आहे, बे म्हणजे विना आणि दाणा म्हणजे बी, बिनबियांचा. पुण्यात दुकानात मी बेदाणे मागितले की पोरगा म्हणतो किसमिस का, आणि मनुका मागितल्या तरी तेच देतो. भांडत नाही आता.)

तर असा हा माणूस, ज्याने आयुष्यभर द्राक्षातली साखर काचेतून बघितली, त्याला मी त्याच्याच शेडमधला बेदाणा घालून केलेला लाडू 'शुगर फ्री' म्हणून भरवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी ड्रॉवरमधून ब्रिक्स मीटर काढलं. कार्तिकात बागेला फुलोरा असतो, मीटरला काही काम नसतं, ते पडूनच असतं, ग्लुकोमीटरच्या डबीशेजारी. म्हणाले, "बघू तुझा खजूर." माझ्या पिशवीतला उरलेला खजूर त्यांनी आदल्या रात्रीच आईच्या किचन काट्यावर शंभर ग्रॅम मोजून शंभर ग्रॅम पाण्यात भिजत ठेवलेला होता (हो, म्हणजे ते रात्रीच ठरवून झोपले होते), तो कुस्करला, फडक्यातून पिळला, आणि त्या तपकिरी रसाचा एक थेंब काचेवर. आप्पांनी डोळा लावला आणि हसायला लागले. मला दिलं. आत सगळं पांढरं. निळं कुठेच नाही. त्या मीटरचा काटा बत्तीसला संपतो, आणि निम्मं पाणी असूनही खजूर त्याच्या वर गेला होता.

मग त्यांनी आणखी शंभर ग्रॅम पाणी ओतलं, ढवळलं, परत थेंब. यावेळी रेघ दिसली. तेवीस. म्हणजे खजुरात त्याच्या दुप्पट पाणी घातलं तेव्हा कुठे तो आमच्या बेदाण्याला तोडायच्या द्राक्षाएवढा गोड झाला. भाचा म्हणाला आजोबा लाडूचा ब्रिक्स काढा. लाडू तुपाचा होता म्हणून राहिला, नाहीतर तोही काढला असता.

पुण्याला परत आल्यावर मी कागद-पेन घेऊन बसले. वजन-माप लिहिलेलं होतंच. शंभर ग्रॅम खजुरात साधारण पासष्ट ग्रॅम साखर असते, बेदाण्यात साठीच्या आसपास, सुक्या अंजिरात पन्नासच्या जरा खाली. माझ्या पाव किलो खजुरातून एकशे साठ, बेदाण्यातून साठ, अंजिरातून अठ्ठेचाळीस, एकूण दोनशे सत्तरच्या घरात, भागिले चोवीस. लाडवामागे अकरा ग्रॅम. चहाचे पावणेतीन चमचे. आप्पांनी चार खाल्ले होते, म्हणजे अकरा चमचे साखर, माझ्या हाताने, भरल्या डोळ्यांनी.

आता यातला खरा दणका पुढे आहे. मी आईला फोन करून तिच्या बेसनाच्या लाडवाचं प्रमाण विचारलं. अर्धा किलो बेसन, चारशे ग्रॅम पिठीसाखर, तीनशे ग्रॅम तूप. लावा हिशोब, तीस ग्रॅमच्या लाडवात दहा ग्रॅम साखर. माझ्या हेल्दी लाडवापेक्षा एक ग्रॅम कमीच! आईला सांगितलं तर ती काही बोलली नाही. नुसती "हं" म्हणाली. त्या हं मध्ये चार वर्षांचा कोठीमागचा डबा होता.

तसं बघितलं तर अगदीच बरोबरीचा सामना नाही तो. माझ्या लाडवात दोन-अडीच ग्रॅम तरी चोथा म्हणजे फायबर आहे, बदाम-अक्रोडाचं चांगलं तेल आहे, थोडं लोह, थोडं पोटॅशियम, आणि साखर चोथ्यात गुंतलेली असल्याने ती सरबतासारखी भसकन रक्तात जात नाही. पण जात नाही असं नाही, जरा वाट बघून जाते. मधुमेह नसलेल्या, दुपारी चारला बिस्किटाचा पुडा फोडणाऱ्या माणसासाठी (म्हणजे मी) हा लाडू बिस्किटापेक्षा शंभरपट बरा. माझी तक्रार लाडवाबद्दल नाहीच, त्या दोन शब्दांबद्दल आहे. 'साखर नाही' आणि 'वरून साखर घातलेली नाही' यात सातारा ते सोलापूर एवढं अंतर आहे आणि आपण सगळे ते एका उडीत पार करतो. एफएसएसएआय, म्हणजे देशाची अन्नसुरक्षा बघणारी सरकारी संस्था, तिचा २०१८चा नियम आहे, पाकिटावर शुगर फ्री लिहायचं तर शंभर ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर चालत नाही. अर्धा ग्रॅम! माझ्या लाडवात शंभर ग्रॅमला सदतीस होती. हा नियम घरच्या डब्याला लागू नसतो, नाहीतर फॅमिली ग्रुपवरून मला नोटीस यायला हवी होती.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलंय की वरून घातलेली साखर, मध, सरबतं, फळांचे रस हे सगळं धरून दिवसाच्या उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, जमलं तर पाचच्या, म्हणजे मोठ्या माणसाला साधारण पंचवीस ग्रॅम. अख्ख्या ताज्या फळातली साखर यात मोजत नाहीत. हे वाचून मला क्षणभर आशा वाटली होती. पण वाळवलेल्या, बिया काढलेल्या, तुपात परतून मॅशरने लगदा केलेल्या खजुराला अख्खं ताजं फळ म्हणायची माझी हिंमत होईना. शिवाय पोटाचाही प्रश्न आहेच. मूठभर बेदाणे म्हणजे पन्नास ग्रॅम धरले तर ती दोनशे ग्रॅम द्राक्षं झाली, दोनशे ग्रॅम द्राक्षं खायला वेळ लागतो, पोट भरतं, हात थांबतो. बेदाणे आपण टीव्ही बघता बघता फेकतो तोंडात.

आज्जी या बाबतीत फार हुशार होती, आणि तिला ब्रिक्स वगैरे काही माहीत नव्हतं. मार्गशीर्षात थंडी पडली की तिचे डिंकाचे लाडू व्हायचे. डिंक तुपात तळताना फुलायचा तो आवाज अजून कानात आहे, ज्वारीच्या लाह्या फुटल्यासारखा पण जरा ओला. खारका उन्हात कडक करून खलबत्त्यात कुटायच्या, सुकं खोबरं किसून तांबूस भाजायचं, खसखस, बदाम, गोडंबी (बिब्ब्याच्या आतली बी, ती सोलणाऱ्या बायांच्या हातांची चिकाने काय दशा होते हे बघितलेलं असलं की गोडंबी तोंडात टाकताना जरा थांबायला होतं), जायफळ, आणि गुळाचा पाक. म्हणजे त्यातही गूळ होता, खारीक होती, गोडाला काही कमी नव्हतं. पण लाडू केवढा, तर मोठ्या सुपारीएवढा. डबा कुठे, तर फडताळात वरच्या कप्प्यात. आणि मिळायचा किती, तर सकाळी एक, दुधाबरोबर, शाळेत जायच्या आधी. दुसरा मागितला की ठरलेलं उत्तर, "उष्ण पडंल, घोळणा फुटंल." आम्ही सगळी पोरं नाकाला हात लावून गप्प बसायचो. उन्हाळ्यात तो लाडू कुणी मागितलाच तर आज्जी अशी बघायची की आपण चैत्रात स्वेटर मागतोय. बाळंतिणीला मात्र सव्वा महिना रोज, वर अळिवाचे वेगळे. म्हणजे कुणाला, कधी आणि किती, हे सगळं त्या डब्याच्या झाकणावरच लिहिलेलं होतं. आम्ही डबा घेतला, पौष्टिक पौष्टिक म्हणत काचेच्या बरणीत ओतला आणि बरणी डायनिंग टेबलावर ठेवली, येता-जाता एक.

आप्पांच्या डॉक्टरांना मी नंतर हे सगळं सांगितलं. ते अजिबात रागावले नाहीत, उलट म्हणाले खजूर बंद करायची गरज नाही, एखादा खाल्ला तर त्या जेवणात भाकरी तेवढी कमी करा, गोड हे हिशोबात धरा, हिशोबाबाहेर नाही. आणि मुठीने नको. हे मला रीलमध्ये कुणीच सांगितलं नव्हतं, तीस सेकंदांत बसत नसावं.

मग मी लाडू परत केला. तीन-चारदा बिघडला. पहिल्यांदा खजूर निम्म्याच्या खाली आणला तर लाडू वळेचना, हातात भुगा. दुसऱ्यांदा अक्रोड जास्त वाटले गेले आणि तेल सुटून सगळा गोळा ओशट झाला. तिसऱ्यांदा खोबरं आधीच खवट निघालं, ते मला लाडू झाल्यावर कळलं, खवटपणा गोडात लपत नाही, उलट वर येतो, तो अख्खा घाणा कामवाल्या मावशींनीसुद्धा घेतला नाही. आता जमलंय ते असं आहे. दीडशे ग्रॅम खजूर, पन्नास ग्रॅम अंजीर, बदाम आणि अक्रोड मिळून दीडशे, पन्नास ग्रॅम खोबरं, पन्नास ग्रॅम भाजलेले तीळ, पन्नास ग्रॅम डिंक तुपात फुलवून हाताने चुरलेला. बेदाणे आत नाहीत. अंजीर गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवून मग वाटायचं, त्याचा चिकटपणा खजुराची उणीव भरून काढतो. (सासवडकडचे अंजीर आपण ताजेच खातो, हे माळेतले सुके बहुतेक अफगाणिस्तानातून येतात, घेताना एखादा उघडून बघा, आत कधीकधी वस्ती असते.) डिंक अर्धवट फुलला तर मध्ये दाताखाली दगड येतो, तेव्हा तूप नीट तापलेलं हवं आणि डिंक थोडा थोडा टाकायचा. जर्दाळू घालायचे असतील तर ते तपकिरी, सुरकुतलेले, दिसायला गरीब बिचारे घ्या, केशरी चकचकीत असतात त्यांना गंधक लागलेलं असतं. गंधकाशी माझं काही वैर नाही, त्याच्यावर आमची शिक्षणं झालीत, पण चवीला तपकिरीच खरे.

याचे पस्तीस होतात. पंधरा-पंधरा ग्रॅमचे, आज्जीच्या मापाचे. लाडवामागे साडेतीन ग्रॅम साखर, चमचाभर सुद्धा नाही. आधीच्यापेक्षा कमी गोड लागतो हे खरंय, पहिल्या घासाला माझी लेक म्हणाली, "आई, यात काहीतरी राहिलंय का गं?" पण चार दिवसांनी आपणहून शाळेच्या डब्यात मागितला. दातांना चिकटतो मात्र तसाच, चूळ भरायला लावते मी. पंधरवड्याचा साठा बाहेर, बाकी फ्रिजमध्ये, खोबऱ्याचा आणि अक्रोडाचा भरवसा नाही.

प्रत्येक लाडवावर मी एक बेदाणा दाबून बसवते. एकच. नवरा म्हणतो हे सासरेबुवांच्या धंद्याची जाहिरात आहे, असू दे.

संक्रांतीला आप्पांना नेऊन दिले. त्यांनी एक खाल्ला, दोन तासांनी बोट टोचलं, आकडा बघितला आणि डबीवर झाकण लावलं, मला सांगितला नाही. आईला विचारलं तर म्हणाली, "बरा हाय." मग जरा थांबून, "पण माझा बेसनाचा चांगला लागतो." ते मी मान्यच करते, भाजलेल्या बेसनाच्या वासापुढे खजुराने उगाच छाती काढू नये. आई आता वर्षातून एकदा तोही करते, पण सुपारीएवढा, आणि डबा कोठीमागे नसतो, ओट्यावर असतो. आप्पांना त्यातली मजाच गेली असं मला आपलं वाटतं.

परवा एसटीने पार्सल आलं. यंदाचा बेदाणा, घरचा, पाच किलोचा डबा, भाचा पुण्याला येणाऱ्या कुणाच्या तरी हाती देणार होता पण आप्पांना धीर नव्हता. एप्रिलमध्ये दोनदा ढग येऊन गेले, भावाने सांगितलं की आप्पा दोन्ही रात्री शेडमध्येच होते, गोळ्या खिशात घेऊन. माल मात्र हिरवागार, लांबसडक, डाग नाही कुठे. डब्याच्या झाकणावर आप्पांनी जाड मार्करने लिहिलंय, त्यांच्या त्या तिरक्या अक्षरात, दरवर्षी नुसतं माझं नाव असतं. यंदा खाली आणखी एक ओळ आहे: 'ब्रिक्स २४'.